सायकलीचा खराब भाग आणि दुकानातली पाटी

शेतकऱ्याला जसा बैल, तशी दूधवाल्याला सायकल. आता गावोगावी मोटारसायकली आल्या. तरी दूध घालणारे, भाजी विकणारे, शाळेत जाणारी मुलेमुली यांची सायकल सुटलेली नाही. सायकल बंद पडली की त्या दिवसाची कमाई बंद पडते. म्हणून सायकलीचा भाग विकत घेणे हे लहान काम नाही. तो भाग खराब निघाला तर काय करावे, हे आज आपण शिकू.

दोष कोणाचा, ते आधी पाहा

दुकानदारावर रागावण्याआधी आपण नीट तपास करावा. दोष तीन ठिकाणी असू शकतो. भाग मुळात खराब असेल. भाग चांगला, पण बसवणाऱ्याने चुकीचा बसवला असेल. किंवा आपल्याच सायकलीचा दुसरा भाग झिजलेला असेल.

एक उदाहरण घेऊ. नवे फ्रीव्हील बसवले आणि पायडल मारताना ते घसरू लागले. आता मागचे चाक हाताने घट्ट धरा आणि दुसऱ्याला पायडल दाबायला सांगा. चाक जागेवर आहे, पण चेन आणि फ्रीव्हील पुढे फिरते, तर फ्रीव्हीलच्या आतले खटके धरत नाहीत. हा फ्रीव्हीलचा दोष. पण चेन दातांवर चढून उडी मारत असेल, तर चेन झिजली आहे काय ते पाहा.

चेन मोजणे सोपे आहे. शाळेतली बारा इंची पट्टी घ्या. एका पिनेच्या मध्यावर पट्टीचे टोक धरा. नव्या चेनीची पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती इंचाचा आठवा भाग किंवा त्याहून जास्त पुढे गेली, तर चेन झिजली. झिजलेल्या चेनीवर नवे फ्रीव्हील बसवले तर चेन उडते. त्यात फ्रीव्हीलचा दोष नाही आणि दुकानदाराचाही नाही.

पायडलचेही तसेच. उजव्या पायडलचे आटे सुलटे असतात आणि डाव्याचे उलटे. हे न पाहता कोणी पाना लावून जोराने पिळले तर आटे जातात. तेथे माल चांगला होता, काम वाईट झाले. बसवण्याचे पैसे घेतले असतील, तर वाईट कामाचीही तक्रार करता येते.

विकत घेतानाच डोळे उघडे ठेवा

आता आपल्याला वाचता येते. त्याचा उपयोग दुकानातच करावा. टायरच्या बाजूवर माप उठवलेले असते. आपल्या जुन्या टायरवर २८ × १½ असेल, तर नव्यावरही तेच पाहावे. "चालतंय हो, बसवून देतो" यावर विसंबू नये. टायर उजेडात फिरवून पाहावा. कोठे फुगवटा आहे काय? काठाची तार बाहेर आली आहे काय? ट्यूब असेल तर हवा भरून पाण्यात धरावी. व्हॉल्वच्या बुडाशी बुडबुडे आले तर ती घेऊ नये.

भाग बंद पाकिटात असेल तर पाकीट वाचावे. त्यावर मालकाचे किंवा कारखान्याचे नाव व पत्ता, महिना व वर्ष, आणि कमाल किंमत छापलेली असते. तक्रारीसाठी फोन नंबरही असतो. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागता येत नाहीत. पाकीट फेकू नका. ते पावतीबरोबर ठेवा.

आणि पावती घ्याच. नुसत्या चिठोऱ्यावर आकडा लिहून दिला तर ती पावती नव्हे. पावतीवर दुकानाचे नाव, तारीख, भागाचे नाव आणि रक्कम हवी. पावती देण्यास नकार देणे हेही कायद्याच्या दृष्टीने गैर आहे.

तात्यांची हकिगत

आमच्या गावात एक दूधवाले आहेत. सारे त्यांना तात्या म्हणतात. साठीला आल्यावर ते लिहावाचायला शिकले. त्यांनी तालुक्याच्या गावी एका दुकानातून नवे फ्रीव्हील बसवून घेतले. पाचव्या दिवशी सकाळी चढावर पायडल एकदम मोकळे फिरले. तात्यांचा तोल गेला. गुडघा फुटला. दोन्ही किटल्यांतले दूध रस्त्यावर सांडले.

तात्या पावती घेऊन दुकानात गेले.

"शेठ, हे फ्रीव्हील पाच दिवसांत गेलं. बदलून द्या."

"तुम्ही कसं वापरलं कोणाला ठाऊक! ती पाटी बघा, तात्या. आता वाचता येतं ना तुम्हाला?"

पाटीवर लिहिले होते: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

तात्यांनी पाटी वाचली आणि मुकाट्याने घरी आले. संध्याकाळी आमच्याकडे येऊन म्हणाले, "गुरुजी, पूर्वी वाचता येत नव्हतं, तेव्हा मी भांडलो तरी असतो. आज वाचता आलं, म्हणून गप्प बसलो."

हे ऐकून आम्हाला वाईट वाटले. मंडळी, येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. लिहिलेले असते म्हणून ते खरे असतेच असे नाही. भिंतीवर कोणीही काहीही लिहील. ते कायद्याला धरून आहे की नाही, हे विचारायला शिकणे हा वाचण्याचा पुढचा धडा आहे.

कायदा काय सांगतो

गिऱ्हाइकाच्या रक्षणासाठी आपल्या देशात १९८६ साली कायदा झाला. त्याच्या जागी २०१९ साली नवा कायदा आला आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याचे नाव ग्राहक संरक्षण कायदा. माल सदोष असेल तर पावतीवर लिहिलेल्या मुदतीत तो परत घेतला पाहिजे. मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घेतला पाहिजे. नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे हा कायदा म्हणतो. म्हणजे ती पाटी सदोष मालाला लागू पडत नाही.

मात्र माल चांगला आहे, आपल्याला नुसता रंग आवडला नाही, तर परत करण्याचा हट्ट धरू नये. तो आपला हक्क नव्हे.

कोणी म्हणेल, तात्या तर धंदा करतात, ते ग्राहक कसे? पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा ग्राहक नव्हे, हे खरे. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी जो वस्तू घेतो, तो ग्राहकच, असे कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा दूधवाला, भाजीवाला, शिंपी या साऱ्यांना हे संरक्षण आहे.

अर्ज कसा लिहावा

तात्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. अक्षर वाकडे होते, पण मजकूर सरळ होता. अर्ज असा लिहावा:

"दिनांक ........
श्री. ........ यांस,
मी दिनांक ........ रोजी आपल्या दुकानातून ........ हा भाग रुपये ........ देऊन घेतला. पावती क्रमांक ........ आहे. दिनांक ........ रोजी त्यात असा दोष दिसला: ........ . तरी भाग बदलून द्यावा किंवा पैसे परत करावेत. १५ दिवसांत असे न झाल्यास मी ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन.
आपला, ........"

यात शिवीगाळ नको, रडगाणेही नको. तारीख, वस्तू, रक्कम, दोष आणि मागणी एवढेच हवे. अर्जाची एक नक्कल आपल्याजवळ ठेवावी. अर्ज हातात दिला तर नकलेवर सही घ्यावी. नाहीतर स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवावी. मूळ पावती कोणालाही देऊ नये. खराब भाग ठोकून, उघडून पाहू नये. तो आहे तसा ठेवावा. दुकानदाराने तपासण्यासाठी ठेवून घेतला, तर "भाग मिळाला" असे लिहून घ्यावे.

आठव्या दिवशी दुकानदाराने निरोप पाठवला. नवे फ्रीव्हील दिले आणि बसवण्याचे पैसे घेतले नाहीत. पण सांडलेल्या दुधाचे पैसे मिळाले नाहीत. किती दूध होते, याची तात्यांकडे कोठेही नोंद नव्हती. त्या दिवसापासून तात्या रोज किती लिटर दूध कोठे घातले ते वहीत लिहितात.

दुकानदाराने ऐकले नाही तर

पहिली पायरी म्हणजे फोन. १९१५ हा सरकारचा ग्राहक मदतीचा नंबर आहे. तेथे मराठीतूनही बोलता येते. बोलण्याआधी पावती समोर ठेवावी.

दुसरी पायरी म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असले तरी चालते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार केली पाहिजे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मालासाठी फी लागत नाही. वकील दिलाच पाहिजे असे नाही. आपली बाजू आपणच मांडता येते.

या कामात मदत करणाऱ्या संस्थाही आहेत. पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू झाली. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. ग्राहकांनी एकत्र यावे, हाच त्यांचा हेतू.

दुकानदार आपला वैरी नव्हे. त्यालाही कारखान्याकडून खराब माल येतो आणि तो परत पाठवता येतो. म्हणून गर्दी नसताना जावे, हळू बोलावे. पुष्कळ दुकानदार तेवढ्यानेच माल बदलून देतात. जो देत नाही, त्याच्यासाठी कागद आहे. तात्या आजही त्याच दुकानात जातात. ती पाटी अजून तेथे आहे. पण पावती देताना शेठ आता तारीख ठळक लिहितात.

प्रश्न

१. चेन झिजली आहे हे कसे ओळखाल?
२. पावतीवर कोणत्या चार गोष्टी हव्यात?
३. तात्यांना दुधाचे पैसे का मिळाले नाहीत?
४. घरातली कोणतीही एक पावती वर्गात आणा आणि मोठ्याने वाचा.
५. वरील नमुना पाहून एक अर्ज स्वतः लिहा.