सौर बंब : गच्चीवर जागा कशी निवडावी?



थंडी सुरू झाली की आपल्या हैदराबादेतही पहाटे आंघोळीला गरम पाणी लागते. पूर्वी घरोघरी तांब्याचा बंब पेटत असे. पुढे गिझर आला आणि आता अनेक गच्च्यांवर सौर बंब दिसतात. आम्हीही घरी एक बसवून घेतला. उन्हाळ्यात पाणी कढत मिळाले, डिसेंबरात मात्र कोमट! आमच्या ऐंशी वर्षांच्या मातोश्रींसाठी रोज गिझर लावावा लागला. यंत्रात दोष नव्हता, जागा चुकली होती. पाइप कमी लागावा म्हणून पॅनेल पाण्याच्या उंच टाकीच्या उत्तरेस, अगदी लगत ठेवले होते. आम्हीही त्या वेळी काही विचारले नाही. ही चूक इतरांनी करू नये म्हणून हा पाठ.

1) दिशा : हैदराबाद सुमारे 17.4 अंश उत्तर अक्षांशावर आहे. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, अक्षांशाला तिथेही अक्षांशच म्हणत!) मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि ऑगस्टच्या आरंभी भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. मग पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे का? कारण गरम पाण्याची खरी गरज हिवाळ्यात असते आणि तेव्हा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो.

खरी दक्षिण शोधण्यासाठी गच्चीवर काठी सरळ उभी करा. हिवाळ्यात तिची सर्वांत लहान सावली खऱ्या उत्तरेकडे पडते. त्याच्या उलट दक्षिण. ही वेळ घड्याळाच्या 12 वाजता येत नाही. भारतीय वेळ 82.5 अंश रेखांशाची आहे, आपण त्याच्या सुमारे 4 अंश पश्चिमेस आहोत. एका अंशाला 4 मिनिटे धरली तर साधारण सव्वाबारा होतात. ऋतूप्रमाणे थोडा फरक पडतो.

2) उतार : 22 डिसेंबरच्या सुमारास दुपारचा सूर्य डोक्यापासून 17.4 + 23.4 म्हणजे सुमारे 41 अंश खाली असतो. पॅनेल सपाट ठेवले तर त्या वेळचे जवळजवळ पाव ऊन वाया जाते. म्हणून अक्षांशात 10 ते 15 अंश मिळवून सुमारे 30 अंशांचा उतार द्यावा. मोजणे सोपे आहे : पॅनेल 2 मीटर लांब असेल, तर वरची कड खालच्या कडेपेक्षा 1 मीटर उंच ठेवावी. का, ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी त्रिकोणमितीने सांगावे! वीज तयार करणाऱ्या पॅनेलचे काम बारमाही असते, म्हणून त्याचा उतार अक्षांशाइतका, साधारण 17 अंश, पुरतो.

3) सावली : डिसेंबरात सकाळी 9 वाजता 1 मीटर काठीची सावली जवळजवळ 2 मीटर पडते, वायव्येकडे. दक्षिणेचा कठडा 1 मीटर उंच असेल तर पॅनेलची खालची कड त्यापासून निदान सव्वा मीटर दूर हवी. टाकी, जिन्याची खोली, नारळाचे झाड, शेजारची इमारत, सर्वांची सावली पाहावी. उन्हाळ्यात जागा पाहून फसगत होते, कारण तेव्हा सावल्या आखूड असतात. आमचे नेमके हेच झाले.

4) उंची : पाणी तापले की हलके होऊन वर चढते आणि थंड पाणी खाली येते. म्हणून पंप नसलेल्या बंबात गरम पाण्याची टाकी पॅनेलच्या वर असावी आणि पाइपला सतत चढ असावा. थंड पाण्याची टाकी त्याहूनही उंच हवी. 200 लिटर पाण्याचेच वजन 200 किलो होते; स्टँड तुळईवर किंवा खांबावर यावा, हे अभियंत्याकडून तपासून घ्यावे. बोअरचे पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार साचतात, त्यांची सफाई ठरवून ठेवावी.

आता हिशोब. 100 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे 4.65 युनिट वीज लागते. तेवढ्या पाण्यासाठी साधारण 2 चौरस मीटर पॅनेल धरतात. सावलीत ठेवलेले पॅनेल ही बचत गमावते.

आम्ही पुढे स्टँड गच्चीच्या मोकळ्या भागात हलविला. पाइप थोडा वाढला, खर्चही झाला. पण मातोश्रींना आता सकाळी गिझरची वाट पाहावी लागत नाही.

विद्यार्थ्यांसाठी उपक्रम : 22 डिसेंबरच्या सुमारास मोठ्यांना सोबत घेऊन गच्चीवर जा. सकाळी 9, दुपारी सव्वाबारा आणि 3 वाजता खडूने सावल्या आखा. सूर्याकडे थेट पाहू नका, कठड्यावर चढू नका. जिथे तिन्ही वेळा ऊन असेल, ती पॅनेलची जागा. पालकांनी पैसे देण्यापूर्वी हा नकाशा पाहावा. विश्वस्त मंडळींनाही विनंती की, शाळेच्या गच्चीवर काही बसविण्याआधी मुलांच्या हाती खडू द्यावा.