गव्हाचा रानटी आप्त

आपल्या नित्याच्या पोळीचा गहू तीन वनस्पतींच्या मिलनातून सिद्ध झाला आहे. त्यांपैकी एक वनस्पती म्हणजे ‘एजिलॉप्स टाउशी’ या नावाचे साधे रानगवत होय. कास्पियन समुद्राच्या परिसरापासून मध्य आशियापर्यंत ते आढळते. काश्मीरमध्येही ते उगवते. त्याची ओंबी बारीक व नळीसारखी असून पिकताच तिचे तुकडे होऊन गळून पडतात. त्यामुळे धान्य म्हणून त्याचा उपयोग नाही.

मग गव्हाशी त्याचे नाते कसे जुळले? सातारा, सांगली व कोल्हापूर या भागांत होणाऱ्या खपली गव्हाच्या शरीरपेशींत २८ गुणसूत्रे असतात. पोळीच्या सामान्य गव्हात मात्र ४२. ही अधिक १४ गुणसूत्रे या गवताची आहेत, असे १९४४ साली जपानमध्ये हितोशी किहारा यांनी आणि अमेरिकेत मॅकफॅडन व सिअर्स यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले. सुमारे आठ ते दहा हजार वर्षांपूर्वी खपलीच्या जातकुळीतील गव्हाची १४ व गवताची ७ अशी २१ गुणसूत्रे संकरात एकत्र आली. असा संकर सहसा वांझ असतो. परंतु गुणसूत्रे दुप्पट होऊन ४२ झाली आणि त्यास दाणे धरले. कणीक ताणली असता तुटत नाही, या गुणातही गवताचा मोठा वाटा आहे.

तथापि, हा संकर फार थोड्या रोपांत घडला. त्यामुळे गवताच्या गुणसंपत्तीचा अल्पसा अंशच गव्हात उतरला. उरलेली रानातच राहिली. तिचे मोल तांबेरा रोगाच्या वेळी कळते. १९४६–४७ मध्ये खोडावरील तांबेऱ्याने मध्य भारतातील गव्हाची मोठी हानी केली. पुढे १९९८ साली युगांडात या रोगाचा एक उग्र वंश आढळला आणि गव्हाच्या अनेक जाती त्यास बळी पडू लागल्या. या वंशाला काही अंशी थोपविणारे ‘एसआर ३३’ हे जनुक गव्हास याच गवतापासून लाभले असून, २०१३ साली शास्त्रज्ञांनी ते वेगळे करून ओळखले.

रोगाचे नवे वंश निर्माण होतच राहणार. म्हणून या गवताचे बी बीजसंग्रहांत जतन करणे आणि त्याची मूळ वस्तीस्थाने राखणे आवश्यक आहे. ते नष्ट झाल्यास त्यातील गुण पुन्हा कोठूनही आणता येणार नाहीत.