अडलेला बोल्ट

ट्रॅक्टर शेतात राबतो. तो बैलासारखा दमत नाही. पण त्याच्या पोटातले ऑइल दमते. ते काळे पडते. लोखंडाचा बारीक कीस त्यात मिसळतो. म्हणून ठरलेल्या तासांनी ऑइल बदलावे लागते. किती तासांनी बदलायचे, हे ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत छापलेले असते. ती पुस्तिका आजवर फडताळात पडून असेल. आता तुम्हाला वाचता येते. ती बाहेर काढा आणि वाचा.

ऑइल बदलणे अवघड नाही. इंजिनाच्या तळाला चेंबर असतो. चेंबरला खाली एक बोल्ट असतो. तो काढला की जुने ऑइल बाहेर येते. मग बोल्ट परत लावायचा, फिल्टर बदलायचा आणि वरून नवे ऑइल ओतायचे. पुष्कळ शेतकरी हे काम घरीच करतात.

पण कधी कधी तो बोल्टच सुटत नाही. माणूस चिडतो. अंगातला सगळा जोर लावतो. पाना सटकतो, बोटांची सालटी निघतात आणि बोल्टाचे डोके गोल होते. तासाभराचे काम दोन दिवसांवर जाते. ऐन पेरणीत ट्रॅक्टर दारात उभा राहतो. असे होऊ नये म्हणून हा धडा.

बोल्ट का अडतो?

बोल्टाच्या अंगावर गोल गोल चढत गेलेल्या खाचा असतात. त्यांना आटे म्हणतात. आटे एकमेकांत बसतात, म्हणून बोल्ट धरून राहतो.

आट्यांत पाणी शिरले की गंज चढतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. पावसाळ्यात फुगलेले दार चौकटीत जाम होते ना, तसाच बोल्ट जाम होतो. हे झाले पहिले कारण.

दुसरे कारण माती आणि रंग. ते आट्यांच्या तोंडाशी वाळून बसतात.

तिसरे कारण आपल्याच हातचे. मागच्या वेळी कुणीतरी बोल्ट नको इतका आवळलेला असतो.

आधी वरचा, मग खालचा

गिअरच्या पेटीला दोन बोल्ट असतात. खालचा ऑइल सोडायचा, वरचा ऑइल भरायचा. एका घरी पुतण्या ऑइल बदलायला बसला होता. चुलते जवळच उभे होते.

“काका, हा खालचा बोल्ट काढू का?”

“थांब. वरचा काढलास का?”

“वरच्यातनं ऑइल ओतायचं. ते मागनं बघू की.”

“आणि मागनं तो निघालाच न्हाई तर? जुनं ऑइल सांडून बसशील. नवं कुठनं ओतशील? कोरड्या गिअरवर ट्रॅक्टर मेकॅनिककडं नेता येईल का?”

पुतण्याने वरच्या बोल्टाला पाना लावला. तो खरोखरच अडलेला होता. पण पेटीत ऑइल शाबूत होते. ट्रॅक्टर चालत होता. म्हणून घाई नव्हती. त्या दिवशी त्यांनी बोल्टाला नुसते तेल पाजले आणि काम दुसऱ्या दिवसावर टाकले.

हे ध्यानात धरा. भरायचा बोल्ट आधी सोडून पाहा. तो सुटला तरच सोडायच्या बोल्टाला हात लावा.

बोल्ट सोडवायची रीत

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. ब्रेक लावा. चाकांना पुढून मागून दगड लावा. इंजिन पाच मिनिटे चालवून बंद करा आणि चावी काढून घ्या. कोमट ऑइल लवकर वाहते. फार तापलेले ऑइल मात्र अंगावर आले तर भाजते. नुसत्या जॅकवर उचललेल्या यंत्राखाली कधीही शिरू नका.

१. पाना पारखा. पान्यावर आकडा कोरलेला असतो. तो वाचा. १७ च्या बोल्टाला १७ चाच पाना हवा. जुन्या यंत्रांत इंची मापाचे बोल्टही असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण तो थोडा सैल असतो. जोर लावला की तो डोक्याचे कोपरे खातो. अडलेल्या बोल्टाला उघड्या तोंडाचा पाना लावू नका. तो दोनच बाजूंना धरतो. रिंग पाना डोक्याला सगळीकडून धरतो. तो पूर्ण खाली बसवा.

२. दिशा ओळखा. बोल्ट घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवला की सुटतो. बाटलीचे झाकण असेच उघडते. पण चेंबरच्या बोल्टाचे डोके जमिनीकडे असते. वरून वाकून पाहिले तर दिशेचा घोटाळा होतो. आणि आपण सोडवतो आहोत असे समजून बोल्ट आवळत बसतो. म्हणून आपले तोंड बोल्टाच्या डोक्यासमोर आहे असे मनात धरा आणि मगच पाना फिरवा.

३. साफ करा, तेल पाजा. तारेच्या ब्रशाने माती आणि गंज खरवडून काढा. मग गंज सोडवणारे पातळ तेल लावा. दुकानात ते डबीत मिळते. ते नसेल तर थोडे डिझेल चालते. बोल्टाचे तोंड खाली असले तरी तेल फटीतून वर चढते. दिव्याची वात तेल वर ओढते ना, तसेच. भिजलेली चिंधी बोल्टाला बांधून ठेवा. निदान अर्धा तास थांबा. रात्रभर ठेवले तर आणखी चांगले.

४. ठोका. हातोडीने बोल्टाच्या डोक्यावर सरळ, मध्यम असे चार-पाच ठोके द्या. हादऱ्याने गंजाची पकड तुटते आणि तेलाला वाट मिळते. पेटी ॲल्युमिनियमची असेल तर अगदी हलके ठोका. ती तडकते.

५. दांडा लांब करा. मोठा धोंडा हाताने हलत नाही, पण लांब पहारीने हलतो. पान्याचेही तसेच आहे. एक फूट लांबीच्या पान्याला दोन फूट लांबीचा दांडा केला, तर त्याच हाताचा जोर दुप्पट होतो. म्हणून पान्यात लोखंडी पाइप घालतात. दांडा शक्यतो आपल्याकडे ओढा. ढकलताना पाना सटकला, तर हात लोखंडावर आदळतो. पाइपावर उभे राहू नका, उड्या मारू नका. हळूहळू जोर वाढवा.

६. कान द्या. ‘कट्ट’ असा आवाज आला की बोल्ट सुटला. आवाज न होता तो मऊ मऊ फिरू लागला तर लगेच थांबा. तो सुटत नसून पिळवटतो आहे. आणखी जोर लावला तर तुटेल. परत तेल पाजा आणि वाट पाहा. बोल्ट जरा हलला की एकदम ओढू नका. थोडा सोडा, थोडा परत आवळा, पुन्हा सोडा. असे करताना आट्यांतला गंज झडतो.

हे करू नका

बोल्ट तापवण्यासाठी बत्ती किंवा जाळ लावू नका. तिथे ऑइल असते, जवळच डिझेलची टाकी असते. आग लागायला वेळ लागत नाही.

डोके गोल झाले तर तोच पाना पुन्हा पुन्हा फिरवू नका. कानसेने समोरासमोरच्या दोन बाजू घासून सपाट करा आणि मापाचा लहान पाना बसवा. तेवढ्याने भागले नाही तर मेकॅनिकला बोलवा. बोल्ट आत तुटला तर खर्च कितीतरी वाढतो.

लावताना पुढचा विचार करा

आज अडलेला बोल्ट बहुधा मागच्या खेपेलाच अडवलेला असतो. म्हणून परत लावताना आटे पुसून साफ करा. बोल्टाखालचा वायसर नवा घाला. तो मऊ असतो. तो दबतो आणि ऑइल गळू देत नाही. पहिले दोन-तीन फेरे नुसत्या बोटांनी द्या. बोल्ट वाकडा शिरत असेल तर बोटांना लगेच कळते. मग साध्या पान्याने आवळा. पाइप लावू नका. किती आवळायचे, याचे मापही पुस्तिकेत दिलेले असते.

जुने ऑइल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका. पाणी नासते, जमीन नासते. सरकारच्या २०१६ सालच्या नियमांत वापरलेले ऑइल धोकादायक कचऱ्यात धरले आहे. ते डब्यात भरून झाकण लावा. परवाना असलेला ऑइल घेणारा येईल, त्यालाच द्या.

ध्यानात ठेवा

भरायचा बोल्ट आधी, सोडायचा मागून.
जोर लावण्याआधी तेल पाजा आणि थांबा.
सोडवायला लांब दांडा, आवळायला आखूड पाना.

प्रश्न

१. गंजाने बोल्ट घट्ट का बसतो?
२. चुलत्यांनी पुतण्याला खालचा बोल्ट का काढू दिला नाही?
३. अर्धा इंच बोल्टाला १३ चा पाना लावला तर काय होते?
४. आपल्या घरातल्या पान्यांवरचे आकडे वाचा आणि वहीत लिहा.