घर मिळेपर्यंतचं शहर

तुझ्या आईचा सध्या एकच धोशा आहे, "राहायचं ठिकाण पक्कं झाल्याशिवाय पोरीला जर्मनीला पाठवायचं नाही." तिची काळजी मला कळते. तरी माझं ऐक, सोलापुरात बसून स्टुटगार्टमधलं कायमचं घर ठरवायला जाऊ नकोस. मी त्या शहरात बरीच वर्षं संसार केला. दर सप्टेंबर-ऑक्टोबरला आपल्याकडची नवी मुलं घरी जेवायला यायची आणि ताट वाढेपर्यंत घराचाच विषय निघायचा. ज्यांनी न बघता वर्षाचा करार केला होता, ती कॉलेजपासून लांब, महागाच्या खोलीत अडकलेली असायची. करार मोडायचा तर नेहमीच्या भाड्याच्या घराला तीन महिन्यांची आगाऊ सूचना द्यावी लागते, आणि ठरावीक मुदतीचा करार असला तर तीही सोय नसते.

म्हणून आधी महिना-दोन महिन्यांचं छप्पर बघ. तिथली पोरंपोरी सुट्टीत नाहीतर इंटर्नशिपला बाहेरगावी गेली की आपली खोली सामानासकट तेवढ्यापुरती भाड्यानं देतात. त्याला 'त्स्विशनमीटे' म्हणतात. तुझं सत्र ऑक्टोबरात सुरू होतं, तेव्हा सगळं गाव एकदम खोल्या शोधायला लागतं. तू सप्टेंबरच्या सुरुवातीलाच पोच. आणि विद्यार्थी वसतिगृहासाठी 'श्टुडिरेंडनवेर्क'कडे अर्ज केला नसशील तर आज रात्रीच कर. त्यांची यादी लांब असते, पण तिथल्याइतकी स्वस्त खोली तुला बाहेर कुठंच मिळायची नाही.

छप्पर घेताना भाड्याच्याही आधी एक प्रश्न विचारायचा, इथं 'आनमेल्डुंग' करता येईल का? म्हणजे महापालिकेत आपल्या राहण्याची नोंद. राहायला गेल्यापासून 14 दिवसांच्या आत ती करावी लागते, आणि त्यासाठी घर देणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं. या नोंदीवर पुढचं बरंच काही अडतं. राहण्याचा परवाना त्यावर, कर क्रमांकाचं पत्र त्याच पत्त्यावर, आणि बँकवालेही बहुतेक वेळा तोच कागद मागतात. तू व्हिसासाठी गोठवलेल्या खात्यात भरलेले 11,904 युरो महिन्याला 992 या हिशेबानं सुटणार, तेही तिथलं चालू खातं उघडल्यावरच. म्हणून खोली कितीही छान असू दे, मालक "नोंद नको" म्हणाला की पुढं चल. नोंदीची वेळ इंटरनेटवरून आधी घ्यावी लागते आणि ती लवकर मिळत नाही, तेव्हा राहायला जायची तारीख ठरली की लगेच वेळ घेऊन ठेव.

एक बारीक गोष्ट आहे, तिनं शहाणीसुरती मुलं अडकतात. घरात शिरलीस की पहिल्या तासात टपालपेटीवर आणि बेलवर आपलं आडनाव लाव. साधी कागदाची पट्टी चालेल. आपल्याकडे पोस्टमन गल्लीत विचारून पत्र पोचवतो. तिथं पेटीवर नाव नसेल तर पत्र सरळ परत जातं, मग त्यात बँकेचा पिन असो की परवान्याची तारीख.

आता फसवणुकीचं. जाहिरातीत फोटो झकास, भाडं निम्मं, आणि मालक म्हणतो, "मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली टपालानं येईल." अशी किल्ली कधीच येत नाही. खोली स्वतः पाहिल्याशिवाय, किंवा तुझ्या ओळखीच्या कुणी आत पाऊल टाकल्याशिवाय, एक पैसाही पाठवायचा नाही. पासपोर्टची प्रतसुद्धा नाही. अनामतीचा कायदा स्पष्ट आहे, सुट्या भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा तुला हक्क आहे. सुटं भाडं म्हणजे 'काल्टमीटे', त्यात पाणी, हीटर, जिन्याची झाडलोट धरली की 'वार्ममीटे'. हिशेब करताना नेहमी दुसरा आकडा धर, आणि वीज, इंटरनेट त्यात आहे का तेही विचार. दलाल मालकानं नेमला असेल तर त्याची दलाली मालकानंच द्यायची, असा 2015 पासून नियम आहे. तुझ्याकडे मागितली तर नम्रपणे नाही म्हण. आणखी एक, रिकामा फ्लॅट म्हणजे पुष्कळदा खरोखरच रिकामा. आधीचा भाडेकरू ओटा, सिंक, शेगडी सगळं उचलून नेतो. तुला पहिल्या वर्षी त्या वाटेला जायची गरजच नाही. तू 'वेगे'मध्ये राहा, म्हणजे तिघंचौघं मिळून घेतलेल्या घरातली एक खोली.

वेगेत मालकापेक्षा तिथं राहणारी पोरंपोरीच तुला निवडतात. इथं आपण ओळख काढतो, कुणाचा मामा, कुणाचा साडू. तिथं अनोळखी माणसांना चार ओळी लिहून आपली ओळख स्वतः करून द्यायची असते. शंभर जणांना एकच मजकूर पाठवू नकोस, वाचणाऱ्याला तो लगेच कळतो. त्यांची जाहिरात नीट वाच, त्यांनी जे लिहिलंय त्याला धरून उत्तर दे. तू सकाळी लवकर उठतेस, दंगा आवडत नाही, रविवारी सगळ्यांसाठी स्वयंपाक करायला आवडेल, असं खरं खरं लिही. मांसाहार करत नसशील तर आधीच सांग, त्यात तिथं कुणाला वावगं वाटत नाही. मोडक्यातोडक्या का होईना, जर्मनमध्ये लिही. आणि भेटायला गेलीस की तूही प्रश्न विचार. साफसफाईची पाळी कशी? पाहुणे चालतात का? खर्च कसा वाटता? गप्प बसून हसत राहणाऱ्या मुलीला खोली मिळत नाही.

भाषेची धास्ती मात्र तू घेऊ नकोस. तू सोलापूरची आहेस. घरात मराठी, बाजारात कन्नड, पूर्व भागात तेलुगू, हे ऐकतच वाढलीस. भैय्या चौकातल्या ज्या कोटणिसांच्या स्मारकाला शाळेतून नेतात, ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. तिथं युद्ध चालू, आज इथं तर उद्या तिथं. तरी ते चिनी शिकले, रुग्णांशी त्यांच्याच भाषेत बोलू लागले, तिथलेच झाले. कुठं स्थिर होऊ आणि मग भाषा शिकू, असं ते म्हणत बसले नाहीत. मला तुला जे सांगायचंय ते हेच. घर मिळेपर्यंतचे दिवस वाट बघण्यात घालवायचे नसतात. तात्पुरत्या खोलीत असलीस तरी ग्रंथालयाचं कार्ड काढ, पावाच्या दुकानात रोज त्याच वेळी जा, संध्याकाळी उतारावरच्या दगडी पायऱ्यांनी चालत खाली ये. स्टुटगार्ट वाडग्यासारखं खोलगट गाव आहे, पायी फिरल्याशिवाय कळत नाही. कुठल्या टेकडीवर राहिलीस तर फाइंगन भागातल्या तुझ्या कॉलेजला पोचायला किती वेळ लागेल, हे नकाशापेक्षा तुझ्या पायांना जास्त कळेल. शिवाय खोली जाहिरातीतून मिळते तशी माणसांकडूनही मिळते. वर्गातल्या, ग्रंथालयातल्या प्रत्येकाला सांगत राहा की मी खोली शोधतेय.

आपल्या माणसांचा आधार घ्यायला लाजू नकोस. आपल्या पूर्व भागातली पद्मशाली कुटुंबं तेलंगणातून आली, ती आधी आलेल्या गाववाल्यांच्या आधारानंच. त्यांनी घरातली तेलुगू ठेवली आणि मराठीही आपली केली, सगळं सोलापूर त्यांच्या चादरी पांघरतं. तूही मराठी मंडळात जा, गणपतीला आरतीला उभी राहा. पण राहायला मात्र सगळे आपलेच असलेलं घर धरू नकोस. तिथं राहिलीस तर दोन वर्षांनीही तुला जर्मनमध्ये भांडता यायचं नाही.

सामानात शेंगा चटणी आणि कडक भाकरी बिनधास्त ने, त्यावर पहिला आठवडा निघतो. तूप, पेढे, खवा, दुधाचं काहीही युरोपात नेता येत नाही, ताजा कढीपत्ताही नाही. आईनं हळूच पिशवीत सरकवलं तरी काढून ठेव. दोन सोलापुरी टॉवेल जास्तीचे ने. नव्या घरी गेलीस की शेजारी तुझ्याकडे येतील अशी वाट बघू नकोस, तिथं नव्यानं आलेल्यानं बेल वाजवायची. टॉवेल हातात दे, नाव सांग. पुढं तुझं पार्सल तेच सांभाळतील. फोडणी दिलीस की खिडकी सताड उघड, थंडी असली तरी. वाफ कोंडली की भिंतीला बुरशी धरते आणि ती तुझ्या अनामतीतून वसूल होते. रविवारी दुकानं बंद, शनिवारी संध्याकाळीच भाजी आण. दारावर 'केरवोखे'ची पाटी टांगलेली दिसली की त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुझी, विसरू नकोस. नोंदणीनंतर रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, घाबरू नकोस. ती घरामागे एक असते, महिन्याला 18.36 युरो, वेगेत वाटून घ्या. आणि नुकसानभरपाईचा छोटा विमा पहिल्या महिन्यातच काढ, हरवलेल्या किल्लीची जबाबदारी त्यात येते का तेवढं बघून. सगळ्या इमारतीला एकाच मालिकेची कुलपं असतात, एक किल्ली हरवली तर सगळी बदलायचा खर्च तुझ्यावर येऊ शकतो.

खोली ताब्यात घेताना आणि सोडताना भिंती, फरशी, खिडक्या यांचे फोटो काढ, मीटरचे आकडे लिही, दोघांच्या सह्या घे. कायमची खोली मिळाली की पुन्हा 14 दिवसांत नवीन पत्त्याची नोंद. बँक, विद्यापीठ, आरोग्य विमा, परवाना कार्यालय, सगळ्यांना त्याच दिवशी कळव. तरीही काही पत्रं जुन्या पत्त्यावर जातच राहतात, म्हणून टपालखात्याकडे पत्रं वळवायचा अर्ज भर. थोडे पैसे पडतात, ते द्यायचे.