बॅकअपमधून काय वगळावे?

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयातला संगणक लिनक्सवर चालतो. पुस्तकांची आणि सभासदांची नोंद कोहा या वाचनालयांसाठीच्या प्रोग्रॅममध्ये आहे, जुने अहवाल आणि स्मरणिका स्कॅन करून ठेवल्या आहेत, शिवाय बऱ्याच वर्षांचा पत्रव्यवहार आहे. निसर्ग वादळात छप्पर गेले तेव्हा संगणक थोडक्यात बचावला. तेव्हापासून दर बैठकीत बॅकअपचा विषय निघतो आणि नेमके काय घ्यायचे इथेच अडतो. सगळी हार्ड डिस्क उतरवायची तर बाहेरची डिस्क पुरत नाही. 'होम' फोल्डर तेवढा घेतला तर चालेल का?
— एक वाचक, श्रीवर्धन तालुका

उत्तर : नाही, तेवढ्याने भागणार नाही. तुमच्या संगणकावरची सर्वांत मोलाची गोष्ट 'होम'मध्ये नाहीच. कोहाची सगळी नोंद डेटाबेसमध्ये असते आणि तो 'व्हार' या फोल्डरच्या पोटात राहतो. नुसता 'होम' घेतलात तर पत्रे वाचतील, पण कोणते पुस्तक कोणाकडे आहे ते कायमचे जाईल.

यादी करायला बसण्याआधी प्रत्येक गोष्टीला एक प्रश्न विचारा : ही उद्या नाहीशी झाली तर दुसरीकडून मिळेल का, किंवा पुन्हा तयार करता येईल का? लिनक्सचे प्रोग्रॅम जगभरातल्या सर्व्हरांवर जसेच्या तसे ठेवलेले असतात, ते केव्हाही उतरवता येतात. तुमच्या सभासदांची नोंद मात्र तुमच्या टेबलाशिवाय कुठेही नाही. स्कॅन केलेल्या स्मरणिकांची मूळ प्रत वाळवीने खाल्ली असेल तर तेही चित्र जगात एकुलते एक आहे. डिस्क पुरत नाही ती प्रोग्रॅमांमुळे आणि तात्पुरत्या फायलींमुळे. जे फक्त तुमच्याकडे आहे, ते आकाराने बहुधा बरेच लहान निघेल.

या प्रश्नाचे वजन किती आहे, हे तुमच्याच जिल्ह्यातल्या एका संस्थेवरून कळते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत होती. पुढे शहरात विजेवरच्या ट्राम येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहामुळे वाचने बिघडणार, म्हणून हे काम अलिबागला हलवायचे झाले. पण एके दिवशी कुलाबा बंद आणि दुसऱ्या दिवशी अलिबाग सुरू, असे त्यांनी केले नाही. १९०४ ते १९०६ या काळात दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापे घेतली, दोन्हींची तुलना केली आणि मगच कुलाब्याचे काम थांबवले. म्हणून दोन ठिकाणांची मालिका सलग मानता येते. आता हे काम भारतीय भूचुंबकत्व संस्था पाहते. तिचे मुख्यालयही रायगडातच, नवीन पनवेलला आहे.

कुलाब्याच्या जुन्या नोंदींचे मोल एका घटनेतून दिसते. १ आणि २ सप्टेंबर १८५९ ला सूर्यावरून आलेले एक प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळले. कुलाब्याच्या निरीक्षकांनी त्या काळात नेहमीपेक्षा थोड्या थोड्या वेळाने वाचने घेतली आणि आकडे जसेच्या तसे लिहून ठेवले. त्यांचा पुढे काय उपयोग होईल, हे तेव्हा कोणालाच सांगता आले नसते. २००३ मध्ये त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखिना आणि ॲलेक्स यांनी याच नोंदी वापरून त्या वादळाची तीव्रता काढली. चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक कुलाब्याला सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली गेला होता. विजेची जाळी आणि उपग्रह सांभाळणारे लोक आज सर्वांत वाईट शक्यतेचा अंदाज बांधताना ज्या मोजक्या आधारांकडे पाहतात, त्यांत ही वाचने आहेत. जागा वाचवायला फक्त महिन्याची सरासरी ठेवली असती तर हे शक्य झाले नसते.

यातून तुमच्या वाचनालयासाठी एक ठोस निर्णय निघतो. 'काय घ्यायचे' याची यादी करू नका. सगळेच घ्यायचे असे धरा आणि 'काय वगळायचे' तेवढ्याची यादी करा. घ्यायच्या गोष्टींची यादी बनवली की ती त्या दिवसापुरती बरोबर असते. सहा महिन्यांनी कोणी नवा प्रोग्रॅम बसवतो, तो आपली माहिती तिसऱ्याच फोल्डरात ठेवतो, यादीत ते नाव येत नाही, आणि संगणक बिघडेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. वगळायच्या यादीत अशी चूक झाली तर फार तर थोडी जागा वाया जाते. या दोन चुकांची किंमत सारखी नाही, हे कार्यकारिणीला समजावून सांगा.

वगळायचे काय ते ओळखणे सोपे आहे, कारण युनिक्सच्या वळणाच्या संगणकांत फोल्डरांची मांडणी पुष्कळशी ठरलेली असते. लिनक्समध्ये १९९४ पासून त्याचे लिखित नियम आहेत. 'प्रॉक', 'सिस', 'डेव्ह' आणि 'रन' या फोल्डरांत दिसते ते डिस्कवर नसतेच, चालू संगणकाच्या अंतर्गत अवस्थेचे ते चित्र असते. 'प्रॉक'मधली 'केकोर' नावाची फाइल आजच्या ६४ बिटच्या संगणकावर १२८ टेराबाइटची दिसते. सरसकट कॉपी करायला गेलेल्यांची बाहेरची डिस्क इथेच भरते. 'टीएमपी' हा तात्पुरत्या फायलींचा कोपरा, तोही नको. 'व्हार'मधल्या 'कॅश'बद्दल तर नियमच असा आहे की तिथले सगळे उडाले तरी प्रोग्रॅमला ते पुन्हा मिळवता आले पाहिजे. 'यूएसआर'मध्ये वितरणाबरोबर आलेले प्रोग्रॅम असतात, त्यामुळे तोही सोडता येईल. मात्र त्यातला 'लोकल' घ्या, कारण कोणी हाताने लिहिलेल्या स्क्रिप्टा बहुधा तिथेच सापडतात. प्रोग्रॅमांऐवजी त्यांची नावे ठेवा : डेबियन किंवा उबुंटूवर 'एपीटी-मार्क शोमॅन्युअल' ही कमांड तुम्ही मुद्दाम बसवलेल्या प्रोग्रॅमांची यादी देते. ती लहानशी असते आणि नवा संगणक उभा करताना बराच वेळ वाचवते.

'ईटीसी' पूर्ण घ्या. प्रिंटर, नेटवर्क, वापरकर्ते, कोहाची मांडणी, सगळ्या सेटिंग तिथे असतात आणि एकूण आकार सहसा काही एमबीच असतो.

बाहेरची डिस्क जोडल्यावर ती 'मीडिया' किंवा 'एमएनटी'मध्ये दिसते. तिला वगळले नाही तर बॅकअप स्वतःचीच प्रत काढत बसतो. आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमला एकाच फाइलप्रणालीत राहायला सांगता येते, त्याने 'प्रॉक'सारखे फोल्डर आणि बाहेरची डिस्क दोन्ही आपोआप सुटतात. पण तुमचा 'होम' वेगळ्या पार्टिशनवर असेल तर तोही मुकाट्याने सुटतो. तेव्हा हा पर्याय वापरण्याआधी 'डीएफ' कमांड चालवून कोणता फोल्डर कुठे आहे ते बघा.

आता डेटाबेस. 'व्हार लिब मायएसक्यूएल' हा फोल्डर चालू असताना कॉपी करू नका. तुम्ही एक फाइल उचलता तेवढ्यात समोर कोणी पुस्तक परत करते, दुसरी फाइल बदलते, आणि हाती आलेली प्रत एकमेकांशी न जुळणाऱ्या तुकड्यांची असते. डेटाबेसला स्वतःहून पूर्ण नोंद एका फाइलीत लिहायला सांगायचे असते, त्याला डम्प म्हणतात. कोहा त्याच्या डेबियन पॅकेजमधून बसवलेला असेल तर तो हे रोज आपोआप करतो. 'व्हार स्पूल कोहा'मध्ये डम्प आणि मांडणीच्या फायली अशा जोडीने ठेवलेल्या दिसतील. यात दोन उणिवा आहेत. हा डम्प त्याच डिस्कवर पडून राहतो, आणि मुळातल्या व्यवस्थेत फक्त दोन दिवसांच्या प्रती ठेवल्या जातात. चुकून पुसलेला सभासद तिसऱ्या दिवशी लक्षात आला तर उपयोग नाही. म्हणून या फायली रोज रात्री दुसरीकडे नेऊन निदान महिनाभराच्या ठेवा. कोहात शोधासाठी लागणारी झेब्रा या प्रोग्रॅमची अनुक्रमणिका वगळली तरी चालते, ती डेटाबेसवरून पुन्हा बांधता येते.

'होम'कडे वळू. तिथे नावापुढे टिंब असलेल्या फायली लपलेल्या असतात आणि त्या घ्यायच्या राहून जातात. थंडरबर्डची पत्रे, ब्राउझरच्या खुणा, सर्व्हरच्या किल्ल्या त्यांतच असतात. टिंबवाला 'कॅश' आणि कचरापेटी तेवढी वगळा.

मराठी संस्थांना एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. तुमचे जुने अहवाल युनिकोडच्या आधीचे, श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतील तर तो फॉन्टही बॅकअपमध्ये हवा. तो नसेल तर फाइल शाबूत राहूनही पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गुंता दिसतो. माझ्या मते महाराष्ट्रातल्या छोट्या संस्थांचे या प्रकारे होणारे नुकसान डिस्क बिघडण्याइतकेच गंभीर आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. जमेल तसे हे अहवाल युनिकोडमध्ये आणा, पण मूळ फाइल आणि फॉन्ट टाकून देऊ नका.

बाहेरची डिस्क विकत घेतली तशीच वापरली तर ती बहुधा विंडोजच्या धाटणीची असते. तिच्यावर फायली कोणाच्या मालकीच्या आणि कोणाला वाचायची परवानगी, हे टिकत नाही. 'ईटीसी' तसा परत आणला तर संगणक नीट चालणार नाही. डिस्क लिनक्सच्या एक्स्ट४ मध्ये फॉरमॅट करा, किंवा सगळे टारच्या गठ्ठ्यात बांधून ठेवा.

प्रत ठेवायची कुठे, याचे उत्तर तुमच्या किनाऱ्यानेच दिले आहे. ३ जून २०२० ला निसर्ग दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात जमिनीवर आले तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा होता, आणि पुढे अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. अशा वेळी वाचनालयातली प्रत आणि शेजारच्या आळीतली प्रत यांत फरक उरत नाही. महाडच्या बाजारपेठेतला तळमजलाही दूर म्हणून धरू नका. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचे पाणी तिथे शिरले होते. डिस्क दोन घ्या. एक वाचनालयात, पण काम झाले की काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह, कारण खारी दमट हवा आणि पावसाळ्यातल्या विजा दोन्ही वाईट. दुसरी मुंबईत किंवा पुण्यात राहणाऱ्या विश्वासू सभासदाकडे. शिमग्याला आणि गणपतीत मंडळी गावी येतातच, तेव्हा दोन्हींची अदलाबदल करा. मधल्या महिन्यांसाठी कोहाचा रोजचा डम्प कूटबद्ध करून इंटरनेटवरच्या एखाद्या जागेत चढवा. तो लहान असतो, गावातल्या नेटवरही जातो.

घेतलेली प्रत उघडते का, हे पाहिल्याशिवाय काम झाले असे मानू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या आणि ऐन वेळी एकही धड उपयोगी पडली नाही. सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या एका प्रतीवरून त्यांना सावरावे लागले. वेधशाळेने दोन्हीकडची मोजमापे ताडून पाहिली, तसेच तुम्हीही करा : एखाद्या जुन्या संगणकावर कोहा बसवा, डम्प परत आणा आणि त्यातल्या चार-पाच सभासदांच्या नोंदी चालू संगणकाशी जुळवा. वर्षातून दोनदा हे व्हावे, आणि दरवेळी वेगळ्या माणसाने करावे, म्हणजे ते ज्ञान एकाच्याच डोक्यात राहणार नाही.

सभासदांचे पत्ते आणि फोन बॅकअपमध्ये आहेत, म्हणून गावाबाहेर जाणारी डिस्कही कूटबद्धच हवी. तिचा परवलीचा शब्द त्या संगणकावर ठेवू नका. कागदावर लिहून, पाकिटात बंद करून अध्यक्ष आणि चिटणीस अशा दोघांच्या घरी ठेवा, आणि कार्यकारिणी बदलली की पाकिटे नव्या पदाधिकाऱ्यांकडे सोपवल्याची नोंद इतिवृत्तात घ्या.