म्हशींचे कृत्रिम रेतन : शुक्रजंतूंची चाल व कॅल्शियमचे कार्य

कोल्हापूर जिल्ह्यात पंढरपुरी, मुऱ्हा इत्यादी म्हशींच्या दुधावर अनेक कुटुंबांचा घरखर्च चालतो. म्हैस उलटली म्हणजे पुढील माजासाठी सुमारे २१ दिवस थांबावे लागते व वैरण-पेंडीचा खर्च अंगावर पडतो. म्हणून गोठित रेत कसे हाताळावे, हे शास्त्रीय कारणासह समजून घेणे अगत्याचे आहे.

शुक्रजंतू शेपटीच्या हालचालीने पुढे सरकतो. शेपटीच्या आवरणात अतिसूक्ष्म द्वारे असतात. मादीच्या जननमार्गात ती उघडली म्हणजे बाहेरील कॅल्शियम आत शिरते व शेपटी चाबकाप्रमाणे जोराने फटकारू लागते. या जोरामुळेच शुक्रजंतूला स्त्रीबीजाचे कवच भेदता येते. अशा द्वारांचा शोध २००१ साली उंदरांवरील संशोधनात लागला. ज्या नर उंदरांत ही द्वारे नव्हती, त्यांच्या शुक्रजंतूंना स्त्रीबीजाचे कवच भेदता आले नाही.

मात्र कॅल्शियम योग्य वेळी व योग्य प्रमाणातच आत जावयास हवे. गोठविताना व वितळविताना आवरणास इजा झाल्यास ते अवेळी आत शिरते. शुक्रजंतूची शक्ती स्त्रीबीजाजवळ पोहोचण्यापूर्वीच खर्ची पडते व त्याचे आयुष्य घटते. गोठित रेतातील शुक्रजंतू ताज्या रेतातील शुक्रजंतूंपेक्षा कमी काळ जगतात, याचे हे एक प्रमुख कारण होय.

यास्तव पुढील दक्षता घ्यावी :

१. रेताच्या कांड्या उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नत्रात पूर्ण बुडालेल्या असाव्यात.

२. कांडी ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ३० सेकंद वितळवावी. पाण्याचे तापमान तापमापकाने पाहावे. हाताच्या अंदाजावर विसंबू नये.

३. कांडी कोरडी पुसून लगेच रेतन करावे. वितळविलेली कांडी पुन्हा नत्रात ठेवू नये.

४. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी व सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करवून घ्यावे. उन्हाळ्यात म्हशींचा माज मुका असतो. म्हणून पहाटे व रात्री विशेष लक्ष ठेवावे.

म्हशीला कॅल्शियम पाजल्याने कांडीतील शुक्रजंतूंची चाल वाढेल, हा समज चुकीचा आहे. ग्रामसेवकांनी तो दूर करावा आणि माज ओळखून वेळेवर वर्दी देण्याचे महत्त्व पशुपालकांना पटवून द्यावे.