युकॉन नदीत सोळा दिवस

प्रश्न: आम्ही नवरा-बायको कॅलगरीत राहतो. जुलैमध्ये कनू घेऊन व्हाइटहॉर्स ते डॉसन सिटी जायचा बेत आहे. तयारी कुठून सुरू करू?

उत्तर: तलावापासून. सगळे फाइव्ह फिंगर रॅपिड्सचंच विचारतात. तिथे अगदी उजवीकडचा फाटा धरा, लाटांत वल्हं थांबवू नका, बघता बघता पार व्हाल. घाम काढतो तो लेक लबार्ज. लांबी सुमारे 50 किलोमीटर, पाणी गारठवणारं, आणि वारा सुटला की लाटा हां हां म्हणता उसळतात. पहाटे निघा, काठ सोडू नका. वारा वाढला तर सरळ किनाऱ्याला लागा आणि चहा ठेवा. एकूण 715 किलोमीटरला सोळा दिवस धरले असतील, तर शिधा अठरा दिवसांचा घ्या. लाइफ जॅकेट अंगात हवं, बोचक्यात नव्हे.

पोहे, मूगडाळ, तांदूळ, मेतकूट उत्तम. फोडणीचा मोह मात्र तंबूपासून लांब, शंभर पावलांवर पुरवा. मुलूख अस्वलांचा आहे. व्हाइट नदी येऊन मिळाली की पाण्यात इतका गाळ येतो की तो कनूच्या तळाला घासल्याची सुरसुर बसल्या जागी ऐकू येते. तिथून पुढे पाणी बाजूच्या ओढ्यांतून भरा, उकळून प्या.

आणि जूनमध्येच एका उथळ, शांत तळ्यात कनू सामानासकट मुद्दाम उलटवा. काठावर कुणी जाणकार उभा असू दे. काय बांधायचं राहिलंय, ते लगेच तरंगताना दिसेल.